पाच गावांची हातभरणी

करारातलं सहावं कलम मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला ते पसंत पडलं. अमळनेरच्या शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी, न वाचता सही करणाऱ्यांतली नाही. वाचूनही माणूस फसतं, एवढंच मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कलम विकास शुल्काचं होतं. 'चूलखंड' या खाद्यपदार्थांच्या कंपनीचं एकच दुकान चालवायला घ्यायचं असेल तर त्या दुकानाची फी भरली की भागायचं. पण अख्खा पट्टा आपल्या नावावर राखून हवा असेल, म्हणजे अमळनेर, धुळे, जळगाव, नाशिक आणि संभाजीनगर या पाचही ठिकाणी 'चूलखंड'चं दुकान आपल्याशिवाय कुणी काढायचं नाही असं हवं असेल, तर पाचांचं विकास शुल्क पहिल्याच दिवशी मोजायचं. एकेक दुकान उघडेल तसा त्याचा वाटा त्या दुकानाच्या फीतून वळता होणार. तारखा ठरलेल्या. एक जरी तारीख चुकली तर उरलेला पट्टा जाणार आणि उरलेलं शुल्कही बुडणार. मला त्यात काही गैर दिसलं नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसंच हे, फक्त रुमाल महाग होता.

त्या रुमालासाठी आम्ही धुळे रस्त्यावरचा प्लॉट विकला. माझा नवरा प्रसन्न कच्छच्या सौर प्रकल्पावर नोकरीला आहे. तिथल्या उन्हात राबून त्याने तो घेतला होता. फोनवर तो म्हणाला, "आईचा हात आहे ना मागे? मग विका."

त्याची आई म्हणजे माझी सासू, प्रमिला कोठावदे. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तशा त्या माझ्या आत्या. वय त्रेसष्ट. मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं अमळनेर-पारोळ्यात कुणी नव्हतं. खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगते, मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाट-लाटण्याशिवाय होणारी. कणीक इतकी तिंबायची की ताणली तरी तुटू नये. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचा. पोळी परातीएवढी मोठी आणि आरपार दिसेल इतकी पातळ. शिकायला दहा वर्षं लागतात म्हणतात. मला पंधरा वर्षांत आलेली नाही.

'चूलखंड'चं यंत्र नेमकं अशा हातांसाठी होतं. त्याचं नाव जोडहात. आत्यांनी पातळ हातमोजे घालायचे. मोज्यांच्या विणीत केसाहून बारीक तारा. मेंदूकडून स्नायूला येणारा विजेचा इशारा, बोटावरचा दाब, मनगटाचा कोन, सगळं सेकंदाला हजार वेळा टिपलं जाई. नुसती हालचाल कॅमेराही टिपतो. मोजे टिपत ती दुरुस्ती. पोळी एखाद्या जागी विरळ होऊ लागली की ती फाटायच्या आतच आत्यांचं बोट तिथे ढिलं पडे. हे त्यांना स्वतःला विचारलं तर सांगता येत नसे. चारशे मांड्यांमधल्या अशा लाखो बारीक दुरुस्त्यांवरून यंत्र शिकायचं, आणि मग दुकानात विकायचे मांडे त्याचे सिलिकॉनचे दोन हात करायचे. त्याचा पहिला मांडा मी खोट काढायच्या तयारीनेच खाल्ला होता. खोट निघाली नाही.

अडचण एकच होती. गावागणिक पाणी बदलतं, गहू बदलतो, हवेतला ओलावा बदलतो, आणि कणीक वेगळी वागते. म्हणून प्रत्येक नव्या दुकानात आत्यांनी बारा दिवस जाऊन तिथल्या कणकेवर हात चालवायचा. कंपनीत याला हातभरणी म्हणत. शिवाय दर सोमवारी अमळनेरच्या दुकानात तासभर मोजे घालून उजळणी.

खापराशी नेहमी दोन बायका लागतात. एक मांडा वाढवून टाकते, दुसरी जाळ राखते, भाजते, उतरवते आणि चौघडी करते. ती दुसरी मी. या दुसरीच्या जागेचा एक रिवाज आहे. मांडा वाकडा पडला, कडेला फाटला, तरी तिने तोंडातून शब्द काढायचा नाही. फाटकी बाजू आत घेऊन घडी घालायची. पाहुण्याला कळत नाही आणि टाकणारीचा हात बिचकत नाही. एकदा बिचकला की पुढचे दहा बिघडतात. आत्यांनीच मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. धुळ्याच्या हातभरणीपासून त्यांचे मांडे लांबट पडू लागले होते, कधी एका कडेला जाड. मी घड्या घालत राहिले. आठ महिने घालत राहिले.

जळगावची हातभरणी तोंडावर असताना कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकांचं, केसकरांचं पत्र आलं. नाशिक आणि संभाजीनगर दीड वर्षाऐवजी सहा महिन्यांत उघडलं, तर त्या दोन्ही दुकानांची रॉयल्टी पहिली दोन वर्षं निम्मी. मी पेढे आणले. आत्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "इतकी घाई कसानी शे त्यास्ले?" मी म्हटलं, आपलं काम पसंत पडलंय त्यांना.

जळगाव पार पडलं. कंपनी प्रत्येक हातभरणीचा अहवाल पाठवते. अमळनेरचा, धुळ्याचा मी कधी वाचला नव्हता. शेवटच्या पानावर हिरवी खूण दिसली की मी तो मिटवून टाकत असे. जळगावचा वाचला तो केवळ परतताना स्टेशनवर गाडीला दोन तास उशीर होता म्हणून. आत्या शेजारच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. अकराव्या पानावर दोन ओळी होत्या.

उजवा हात, विश्रांतीत: कंप, सेकंदाला पाच. वगळला.

उजवा हात डाव्याच्या मागे: ३१ मिलिसेकंद. दुरुस्त केला.

यंत्राला कंपाशी काही कर्तव्य नव्हतं. रेकॉर्डिंगमधली खरखर काढतात तसा त्याने तो काढून टाकला होता. मी मागचे अहवाल उघडले. अमळनेरला काहीच नाही. धुळ्याला कंप पुसटसा, मागे पडणं नऊ मिलिसेकंद. मी आत्यांकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर टेकलेला, आणि अंगठा तर्जनीवर हलकेच घासत होता, जणू चिमटीत मीठ चोळतायत. ती सवय आहे असं मी धरून चालले होते. हातात काम असलं की तो अंगठा शांत असे, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन दिवसांनी मी तो कागद घेऊन धुळ्याला डॉक्टर नेरकरांकडे गेले. एकटीच. मेंदूच्या विकारांच्या त्या तज्ज्ञ, बोलायला सरळ. त्यांनी कागद दोनदा पाहिला.

"कोणाचा आहे हा?"

"सासूबाईंचा."

"पार्किन्सन्सची सुरुवात वाटते. तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, पण वाटते." मग त्यांनी समजावलं. मेंदूत हालचालींना तेल घालणाऱ्या काही पेशी असतात. एक प्रथिन त्यांच्यात गुठळ्या धरतं आणि त्या मरत जातात. पूर्वी फक्त थरथर कमी करणारी औषधं होती. आता गुठळ्या धरणंच थांबवणारं इंजेक्शन आलं आहे. "पण मेलेली पेशी ते उठवत नाही. ज्या दिवशी सुरू कराल, त्या दिवशी जे शिल्लक असेल ते राहील. त्यांना या आठवड्यात आणा."

मी आणते म्हटलं.

घरी येऊन केसकरांना फोन लावला. माणूस आवाज चढवणारा नाही, त्यामुळे भांडणही नीट करता येत नाही.

"तुम्हाला धुळ्यापासून माहीत होतं," मी म्हटलं.

"यंत्र कंप वगळतं, मॅडम. निदान करत नाही. आम्ही डॉक्टर नाही."

"मग वेळापत्रक का बदललंत?"

केसकर म्हणाले, "हात कायम राहत नाहीत. आमचा सगळा धंदा त्यामुळेच आहे. आणि एक सांगून ठेवतो, औषधाखालचा हात भरता येत नाही. स्नायूला जाणारा इशाराच बदलतो, पहिले सहा महिने तर रोज बदलतो. तेव्हा काय ते तुम्ही ठरवा."

म्हणजे इंजेक्शन सुरू केलं की नाशिक नाही, संभाजीनगर नाही. तारखा चुकणार, पट्टा जाणार, शुल्क बुडणार, आणि त्यासोबत प्रसन्नचा प्लॉट.

मी काय केलं ते सांगते, कारण सांगायलाच बसले आहे. मी काही केलं नाही. पहिल्या आठवड्यात स्वतःला म्हटलं, प्रसन्न आला की तिघं मिळून बोलू. तो आला, चार दिवस राहिला, गेला. मग म्हटलं, निदान नक्की कुठे आहे, डॉक्टरच म्हणाल्या शिक्का मारत नाही म्हणून. मग म्हटलं, नाशिक तेवढं उरकू. सोमवारी त्या मोजे घालायच्या, मी शेजारी बसून जाळ राखायचे, आणि वाकडी बाजू आत घेऊन घडी घालायचे. आपण सासूला जपतोय असं मला खरंच वाटायचं. माणूस स्वतःला किती सफाईने गुंडाळतं ते मी तेव्हा पाहिलं. असे त्रेपन्न दिवस गेले.

चोपन्नाव्या दिवशी सकाळी आत्या वाणसामानाची यादी करत होत्या. फोनवर बोलून यादी करणं त्यांना पटत नाही, कागदावरच लिहितात. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. पहिली ओळ ठसठशीत होती, हरभरा डाळ, वीस किलो. खाली अक्षर बारीक होत गेलं होतं, आणि शेवटचा वेलदोडा मुंगीएवढा.

"हाई मनंच अक्षर शे का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. डोळे तपासून घेऊ, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. कागदावरच्या दोन ओळी, डॉक्टर, इंजेक्शन, केसकर. सांगताना रडले, आणि रडण्याचीही मला लाज वाटली.

आत्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "कवयपासून माहीत शे तुले?"

"त्रेपन्न दिवस."

त्यांनी यादीचा कागद घडी करून ठेवून दिला. मी घाईघाईने म्हटलं, "मी केसकरांना पत्र लिहिलंय. नाशिक नको, संभाजीनगर नको, पट्टा सोडतो म्हणून. आता पाठवते. उद्या आपण धुळ्याला जाऊ आणि इंजेक्शन सुरू करू."

"तवय बी तूच ठरावं," आत्या म्हणाल्या, "आते बी तूच ठरावस."

तेव्हाचं आणि आताचं, दोन्ही मीच ठरवलं होतं. मी पत्र पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना तपासलं. चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मेंदूचं चित्र काढलं. शंका उरली नाही. आत्यांनी बजावून ठेवलं होतं की बोलणार त्या, मी नाही.

"सत्तर दिवस थांबनू तर?" त्यांनी विचारलं.

"कशासाठी?"

"दोन गावं राह्यनात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या म्हणाल्या, "किती जाईल ते आज सांगता येणार नाही. काहीतरी जाईल, आणि गेलेलं येणार नाही. तुमच्या जागी मी असते तर एक दिवस थांबले नसते."

"तुमनं खरं शे," आत्या म्हणाल्या. "पन पोऱ्यानी जागा मना हातवर इकी. मनी माय गयी तवय तिना हात बी गया, कोनाकडे काहीच राह्यनं नही. मना पाच गावले राहू द्या. मंग सुई लावा."

डॉक्टरांनी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा आत्या फक्त हसल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खूप आला, आणि त्या रागाला तोंड उघडायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

प्रसन्नला त्यांनी स्वतः फोन केला. मी दुसऱ्या खोलीत होते. अर्ध्या तासाने त्याने मला फोन केला आणि विचारलं, "तू मला चार दिवसांत एकदाही का नाही सांगितलंस?" याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. तो नोकरी सोडून येतो म्हणत होता, आत्यांनी येऊ दिलं नाही.

नाशिकला पहिल्या दिवशी आत्यांनी मोजे चढवले, गोळा हातावर घेतला, झुलवला, खापरावर टाकला. लंबगोल पडला, उजवीकडे जाड. मी भाजला, उतरवला आणि सवयीने जाड कड आत घ्यायला गेले.

"थांब," त्या म्हणाल्या. "कसा पडना ते सांग."

"उजवीकडे जाड आहे, आत्या."

"किती?"

"दोन बोटं."

त्यांनी पुढचा गोळा घेतला. उजवा हात मागे राहतोय हे माहीत असल्यावर त्या डावा जरा थांबवू लागल्या. तिसऱ्या दिवसापासून मांडा पुन्हा गोल येऊ लागला. बारा दिवस, चारशे मांडे. प्रत्येक मांड्यामागे त्या विचारायच्या आणि मी खरं ते सांगायचे. लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत आम्ही एकमेकींशी एवढं बोललो नव्हतो. कंपनीची तंत्रज्ञ मुलगी बावरून पडद्याकडे पाहत राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे या हातभरणीत नवीच दुरुस्ती आली होती, डाव्या हाताने उजव्याची वाट पाहायची, आणि यंत्र तीही शिकलं. संभाजीनगरला आत्या लवकर थकू लागल्या. दिवसाला तीसच्या वर होत नव्हते. दोन दिवस ताप आला. मी म्हटलं, परत जाऊ. त्या म्हणाल्या, तू जाळ पाहा.

शेवटचा मांडा टाकून त्यांनी मोजे काढले, आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याला पहिलं इंजेक्शन घेतलं. तपासताना डाव्या हाताची बोटं डॉक्टरांनी दोनदा मिटायला लावली. आजारात डावाही थोडा सापडला होता.

याला आता दीड वर्ष झालं. पाचही दुकानं चालतात, नाशिकला तर रविवारी रांग लागते. शुल्काचा शेवटचा वाटाही वळता झाला. इंजेक्शनने आपलं काम केलं आहे. आत्यांचा आजार जिथे होता तिथेच थांबला आहे. त्या हिंडतात, फिरतात, बोलतात. मांडा मात्र होत नाही, गोळा कोपराकडे सरकतच नाही. आणि ब्लाउजचे हूक लागत नाहीत, ते सकाळी मी लावते.

सोमवारच्या उजळणीचे आकडे कंपनीकडे होते. मी ते मागवून घेतले, तीन महिने तसेच ठेवले, आणि गेल्या आठवड्यात पाटीवर गणित घालतात तसे एकाखाली एक मांडले. जळगावच्या शेवटच्या दिवशी उजवा हात डाव्याच्या एकतीस मिलिसेकंद मागे होता. यादीच्या सकाळच्या आदल्या सोमवारी चव्वेचाळीस. संभाजीनगरच्या शेवटच्या दिवशी सदुसष्ट. डॉक्टर नेरकरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आजार असा पट्टीने मोजता येत नाही, नादाला लागू नका. पण मी विज्ञान शिकवलेली बाई. वजाबाकी मला येते.

आज सकाळी आत्या पाठ करून उभ्या होत्या. मी हुकांना हात न लावता त्यांना म्हटलं, "आत्या, मी गप्प बसले तेवढ्या दिवसांत तेरा गेले. त्यानंतर तेवीस."

त्या मान न वळवता उभ्या राहिल्या. त्या चिडतील, किंवा जाऊ दे म्हणतील, असं मला वाटलं होतं. जाऊ दे म्हणाव्यात अशी माझी इच्छा होती, हेही लपवत नाही.

"तेरा तुना," त्या म्हणाल्या. "तेवीस मना. आते हूक लाव."